बंद फ्रिजची नोंद

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईला सरकारी घर मिळालं, त्याचं श्रेय आमच्या घरात आजही मला दिलं जातं. ते माझं नाही. यादीतून तिचं नाव आधी कटलं, ते माझ्यामुळे.

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. तलावाकाठच्या झोपड्या हलवून पक्की घरं द्यायची म्हणून आम्हा मास्तरांना सर्वेक्षणाला जुंपलं. माझ्याकडे नेमका आमच्या पुरानी बस्तीमागचा पारा, म्हणजे मोहल्ला, आला. तिच्या झोपडीत फ्रिज होता. आम्हीच दिलेला, कायमचा बंद पडलेला. उंदरांपासून जपायला ती त्यात तांदूळ ठेवायची. फॉर्मवर रकाना होता, 'फ्रिज आहे का?' असला, तर घर नाही. मी 'हो' लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळलो.

नियम म्हणून लिहिलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तसं नाही. स्टाफरूममध्ये रोज तेच चालायचं, "टॅक्स भरायचा आपण, अन् घर घ्यायचं त्यांनी!" एकजण मला म्हणायचा, "गुरुजी, तुम्हीही टाका ना तलावाकाठी एक झोपडी!" मी हसायचो. पण भाड्याच्या दोन खोल्यांत माझी चौदा वर्षं गेली होती, आणि माझ्या दारी कोणी फॉर्म घेऊन येत नव्हतं.

यादी लागली. भांडी आटोपून ती दारात उभी राहिली. "भैया, मोर नाव कट गे."

बायको माझ्यावरच उखडली. "काहून कटलं? डोळे मिटून फिरून राहिले होते का तुम्ही? तिच्याहून गरीब कोण आहे त्या पाऱ्यात?"

"वरून कटलं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी आली, एकटीच. फ्रिजमुळे कटलं, हे तिला कळलं होतं. हरकतीचा अर्ज लिहून द्या, म्हणाली. फ्रिजचं कोणी सांगितलं, म्हणून मी विचारलं.

"फारम तो तुहीं भरे रहेव, भैया." आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, "दीदी ला मैं कुछु नइ बतावंव." दीदी म्हणजे माझी बायको.

सायकलच्या सीटवर कागद ठेवून मी लिहिलं: फ्रिज बंद आहे, त्यात तांदूळ ठेवतात, नोंद करताना माझी चूक झाली. खाली सही केली. 'चूक' हा शब्दही मी सोयीचाच निवडला होता.

घर मिळालं. शहराच्या पार टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. पूजेला आम्ही गेलो, तेव्हा सगळ्यांसमोर तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "भैयाच दरखास लिखिस, तभे घर मिलिस." बायकोचा चेहरा फुलला. मी तोंडात पेढा धरून नुसता उभा.

तिनं शब्द पाळला, अजून पाळते आहे. माझं बायकोपुढचं तोंड तिनं राखलं, आणि मी तिचे साधे आभारही मानले नाहीत. मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं. आता केलं, इथे लिहून. चहा झाला की हा कागद बायकोच्या हाती देणार आहे, आणि मग दोघं मिळून त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ. बायको आली तर.