शिवकांता आणि नकाशातली बाग

शिवकांताला अक्षर येत नव्हतं, पण कागद दिसला की तिला सोडवत नसे. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर भज्याखालचा तेलकट पेपर, ती समोरच्यापुढं धरायची आणि म्हणायची, "वाचा. मोठ्यानं वाचा." मी चौथी शिकलेला, तीही कशीबशी. पिठाच्या गिरणीत सारा जन्म गेला आणि कानही अर्धे गेले. दमून घरी यावं तर भाकरीच्या आधी कागद पुढं. मी चिडायचो. ती म्हणायची, "लिहिणाऱ्यानं येवढं लिहिलंय, मंग वाचणाऱ्याला काय धाड भरली?"

ही माझी बायको. तिला जाऊन पाच महिने झाले. पन्नासेक वर्षं तिनं मला वैताग दिला. आता वैताग नाही, तर घरात बसवत नाही.

लातूरहून उदगीरकडं निघालं की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला आमची लिंगायतांची स्मशानभूमी आहे. आमच्यात माणूस जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, बसवून पुरतात. वर मातीचा ढीग करतात आणि दोन पावसाळ्यांत तो सपाट होतो. साध्या माणसाला आमच्याकडं कुणी दगड लावला नाही. ही आमची चूक. शेजारचं रान एका बिल्डरनं घेतलं, सात-सात मजल्यांच्या इमारतींचा नकाशा केला, आणि आमची जागा त्याला मोकळी दिसली.

जागा वाचवायला गल्लीनं एक समिती केली, आणि आम्ही सहा-सातजण त्याच्या ऑफिसात विचारायला गेलो. समितीची माणसं चहा घेत बसली. शिवकांता बसली नाही. तिथल्या साहेबानं रंगीत नकाशा दिला, तो तिनं त्याच्याच हातात परत दिला.

"वाचा. मोठ्यानं."

तो बिचारा वाचू लागला. पोहायचा तलाव, देऊळ, ज्येष्ठांसाठी बाग.

"आमाला दहा दिवसाला नळ येतो, आन् तुमी पवायला तळं करून राहिलाव. बरं, ऱ्हाऊ द्या. ही बाग कुठं? बोट ठेवा."

त्यानं ठेवलं. ओढ्याच्या अलीकडं, चिंचेच्या खाली.

"तिथं माझी सासू बसल्याय."

त्याला वाटलं, म्हातारी उन्हात ताटकळलीय. म्हणाला, "आजी, त्यांना आत बोलवा ना. पंखा आहे."

"तुमीच बोलवा. आली तर माझ्या सैपाकाला नावं ठिवंल, दुसरं काय करत न्हाई ती."

समितीची माणसं चहा सांडेपर्यंत हसली. हसण्यात ही माणसं पटाईत होती.

तहसील कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, कागदावर जमीन मोकळी आहे, कुणाचं माणूस कुठं आहे ते दाखवा, पंचनामा करू. शिवकांता घरोघर सांगत फिरली. सोमवारी ज्यानं त्यानं चुना लावलेली काठी घेऊन यायचं आणि आपल्या माणसाच्या जागी रोवायची.

काय तमाशा झाला म्हणता! तीन घरांनी एकाच जागी काठ्या रोवल्या. दोघे सख्खे भाऊ बापाच्या जागेवरून भांडू लागले. एक म्हणे चिंचेपासून दहा पावलं, दुसरा म्हणे, "पावलं कुनाची? तुजी का माजी?" पंचनाम्याला आलेल्या माणसानं कपाळाला हात लावला. शिवकांता कडाडली, "तुमचे बाप कुठं बसलेत ते तुमाला ठाव न्हाई, आन् बिल्डरला कसं ठाव आसंल?"

मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. ती माझ्याकडं आली आणि हातात काठी दिली.

"लई हसून राहिलाव. आपल्या पोरीची जागा दावा."

आमची पहिली मुलगी. नऊ महिन्यांची होऊन गेली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मीच तिला तिथं नेलं होतं. मी उभा राहिलो. चिंच दिसत होती, ओढा दिसत होता, जागा सापडत नव्हती. शिवकांतानं काठी परत घेतली, गवतातून सरळ चालत गेली आणि एका जागी रोवली. पाऊल मोजलं नाही, इकडं तिकडं बघितलं नाही.

घरी येताना मी विचारलं, "तुला कसं ठाव?"

"दर सोमवारी येते मी. गिरणीच्या आवाजात तुमाला बायको घरात हाय का न्हाई तेबी कळत नव्हतं."

पुढं पंचनामा झाला, पण तारखा पडत राहिल्या. आमच्या जागेतून, पूर्वेच्या कडेनं, इमारतींचा रस्ता काढायचा बिल्डरचा घाट होताच. समितीचं एकच, "काकू, तुमी पुढं व्हा, आमी मागं हाव." मी एकदा कचेरीत मागं वळून बघितलं, तर सगळे समोरच्या हाटेलात मिसळ खात होते. उन्हातान्हात ही एकटी. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला, मी नको नको म्हणालो. तिनं कधी माझं ऐकलं होतं?

एका सकाळी ती गेली. विधी करणाऱ्या जंगमाला निरोप गेला होता, तेवढ्यात समितीचे तिघं आले. अध्यक्ष माझ्याजवळ बसला. "काका, वाईट झालं. येक इनंती हाय. काकूला पूर्वेच्या कडंला बसवू. रस्त्याच्या बरोबर मधी. मंग कोन मशिन घालतंय ते बघू."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याचाच जास्त संताप आला. शिवकांता स्वतः हो म्हणाली असती, हीही भीती होती. पण मी ओरडलो, "जित्ती होती तवा तिलाच पुढं केलाव. मेल्यावर बी तीच का? रस्ता आडवायचाय तर तुमी जाऊन बसा. तुमाला पाय हायत."

"काका, मौका घालवून राहिलाव."

"घालवला. उठा."

आठवड्यानं ते खरंच त्या कडेला जाऊन बसले. अजून पाळीपाळीनं बसतात. पत्ते खेळतात, पण बसतात. निकाल लागलेला नाही.

शिवकांता गेली त्या दिवशी दुपारी मी तिला पोरीजवळ नेलं. खणणारा माप टाकू लागला. म्हणालो, "डावीकडं हातभर सोड. तिथं लहान लेकरू हाय."

त्यानं बघितलं. काठ्या शेळ्यांनी कधीच पाडल्या होत्या. "कुठं, काका? हितं तर काईच न्हाई."

मी चप्पल काढली, दोन पावलं पुढं गेलो आणि खाली बसून, तिनं काठी रोवली होती त्या मातीवर हात ठेवला.