पक्केकाकांनी आवळलेलं झाकण

मोरीतलं पाणी तुंबलं आणि काकूंच्या तोंडचं पळालं. तुंबण्याचं एवढं काही नव्हतं. मुलगा घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन दारात उभा होता, धसका त्याचा होता.

"पाइप मोकळा झाला तर ठीक," तो म्हणाला होता. "भिंत फोडायची वेळ आली, तर मात्र आवराआवर करायची आणि माझ्याकडे यायचं. कायमचं. कबूल?"

काकूंनी देवाकडे बघत मान हलवली होती खरी, पण जीव टांगणीला लागला होता.

पाइप जुना, बिडाचा. साफसफाईसाठी खाली पिळाचं पितळी झाकण. ते उघडलं की आतला बोळा ओढून काढता येतो. पण ते शेवटचं बसवलं होतं काकूंच्या यजमानांनी. ते देवाघरी गेले, तरी त्यांचं 'पक्केकाका' हे नाव मागे राहिलं होतं. बरणी असो नाहीतर नळ, त्यांनी एकदा आवळलं की उघडणाऱ्याला ब्रह्मांड आठवायचं.

प्लंबरने पाना लावला, एक पाय भिंतीला टेकवला, तोंड लालबुंद केलं. झाकण ढिम्म.

"काकू, आणखी जोर लावला तर पाइपच तडकेल. मग भिंत फोडण्यावाचून इलाज नाही."

मुलाने मुकाट्याने एक खोका उलगडला.

"थांबा रे दोघं," काकू पदर खोचत म्हणाल्या. "जन्मभर मी ह्यांचीच झाकणं उघडलीत."

त्यांनी उकळत्या पाण्यातलं फडकं चिमट्याने उचललं आणि झाकणाभोवती, पाइपच्या तोंडाला गुंडाळलं. निवलं की पुन्हा गरम. मग देवाचं नाव घेत हातोडीच्या दांड्याने झाकणाच्या कडेकडेने हलकेच ठोकलं.

"आता फिरव," त्या प्लंबरला म्हणाल्या. "पण आधी आवळायच्या बाजूला."

"अगं आई, ते मुळातच आवळलंय!"

"असू दे. आधी ह्यांच्या मनासारखं होऊ द्यायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. संसार असाच केला मी."

प्लंबर फिसकन हसला. त्याने पाना केसभर आवळला. 'कर्र' आवाज आला.

"हललं काकू!"

मग उलटं फिरवायचा अवकाश, काळं पाणी भसकन बादलीत, प्लंबरच्या अंगावर, सगळीकडे. मागोमाग केस आणि साबणाचा हा एवढा बोळा. मोरी घटाघटा पाणी प्यायली. काकूंनी तिथूनच हात जोडले.

झाकण धुऊन परत बसवताना प्लंबरचा हात सवयीने पान्याकडे गेला.

"पाना नको," काकू म्हणाल्या. "पिळाला ग्रीस लाव आणि हाताने बसेल तेवढंच बसव."

"आणि गळलं तर?" मुलाने विचारलं.

"गळलं तर बघेन की. मी इथेच आहे ना!"

मुलाने उलगडलेला खोका फाडून सपाट केला आणि ओल्या फरशीवर अंथरला.

"यावरून ये," तो म्हणाला. "पाय घसरेल."