जॉब, सर्व्हिस आणि आमचे घरमालक

इंग्रजी भाषा इंग्रजांपेक्षाही जास्त मनावर घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आष्ट्याचा होता. ते माझे कराडचे घरमालक. फौजेत वीस वर्षं क्लार्की करून हवालदार म्हणून ते पेन्शनीत आले, आष्ट्याची शेती भावाच्या हवाली केली आणि कराडात खाली दोन, वर दोन अशा चार खोल्या बांधल्या. वरच्या दोन मला भाड्यानं दिल्या. खाली ते, मालकीणबाई आणि एक टाइपरायटर असे तिघं राहत. सकाळी दहाच्या सुमाराला टाइपरायटर सायकलच्या कॅरियरला बांधून ते कचेरीसमोरच्या लिंबाखाली जात आणि लोकांचे फॉर्म भरून देत.

त्या लिंबाखाली फॉर्म भरून देणारे आणखी चौघं होते. ते पाच मिनिटांत माणूस मोकळा करत. आमच्या मालकांच्या तावडीत सापडलेला माणूस जेवणाच्या सुट्टीआधी सुटला तर त्याचं नशीब. नाव, गाव, वय इथपर्यंत गाडी सुरळीत चाले. 'ऑक्युपेशन'चा रकाना आला की मालक चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत आणि समोरच्याला बाकावर बसवून घेत. माणूस पोटासाठी जे करतो त्याला इंग्रजीत निदान सात शब्द आहेत आणि त्या सातांतला एकच त्याच्या मापाचा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. फौजेतल्या कुणा कॅप्टननं दिलेली एक जाडजूड डिक्शनरी टेबलावर असे, पण ती कागद उडू नयेत म्हणून. निकाल ते स्वतः देत, आणि तो देण्याआधी उलटतपासणी घेत.

शेतकऱ्याला पहिला प्रश्न असे, उसाला पाणी कोण पाजतं? स्वतः चिखलात उतरणारा तो 'फार्मर'. गडी लावून स्वतः पारावर बसणारा तो 'ॲग्रिकल्चरिस्ट'. एका बागायतदाराला हा लांबलचक शब्द मिळाल्याचा इतका आनंद झाला की त्यानं सगळ्यांना चहा पाजला. चहा संपल्यावर मालकांनी त्याला अर्थ सांगितला. 'करिअर' हा शब्द तर त्यांना मुळीच खपत नसे. करिअर म्हणजे साठीला मागं वळून बघितल्यावर दिसली तर दिसणारी गोष्ट, ती पंचविशीत फॉर्मवर लिहायची नसते, असं ते बजावत. आणि 'व्होकेशन', म्हणजे पैशासाठी नव्हे तर जिवाच्या ओढीनं केलेलं काम, हा शब्द त्यांनी अख्ख्या कराडात दोघांनाच बहाल केला होता. कृष्णेच्या घाटावर फुकट पोहायला शिकवणारे एक म्हातारे, आणि एक सुईण. तिसरा कुणी सापडेल म्हणून ते वाट बघत होते.

आमच्या गल्लीतले डॉक्टर बरीच वर्षं 'प्रोफेशन'मध्ये सुखानं नांदत होते. मग त्यांनी दवाखान्याच्या खालच्या गाळ्यात औषधाचं दुकान काढलं, आणि नेमका त्याच वर्षी पासपोर्टचा फॉर्म मालकांकडे आणला. मालकांनी 'प्रोफेशन अँड बिझनेस' असं टाइप करून दिलं. डॉक्टर तापले. मालक शांतपणे म्हणाले, "तुमी वर लिवून देता आन् खाली इकता. मग मी एकच कसं लिवू?" त्यानंतर मालकीणबाईंना साध्या खोकल्यासाठी पार स्टँडपर्यंत दुसऱ्या डॉक्टरकडे चालत जावं लागे. त्या जाता-येता नवऱ्याच्या इंग्रजीचा जो उद्धार करत, तो मात्र अस्सल मराठीत असे.

हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. मग माझी पाळी आली. मी तेव्हा एका कॉलेजात तासावर इंग्रजी शिकवत होतो, म्हणजे शिकवले तेवढ्या तासांचा पगार आणि उन्हाळ्यात रहिमतपूरला आईच्या हातचं जेवण. सांगलीचं एक स्थळ आलं होतं. मुलगी मी पाहिली होती आणि ती पाहिल्यापासून दुसरीकडे कुठं पोहे खायला जायची माझी इच्छाच उरली नव्हती. आता फक्त बायोडेटा पाठवायचा होता. वडिलांचा रहिमतपूरहून निरोप आला, 'सर्व्हिस' असंच लिही. आपल्याकडे मुलीच्या बापानं हा एक शब्द वाचला की त्याचा निम्मा घोर मिटतो. मालकांनी कागद चढवला, मला पाच प्रश्न विचारले आणि 'जॉब, टेंपररी' असं टाइप केलं.

मी इंग्रजीचा मास्तर, पण त्यांच्यापुढं माझी मात्रा चालेना. मी गयावया केली. ते म्हणाले, "सर, जॉबला कमीपना न्हाई. पन उन्हाळ्यात तुमी हाय का गेला हे कॉलेज इचारत न्हाई. मग ती सर्व्हिस कशी?" मी दुसरीकडून टाइप करून घ्यायच्या बेतात होतो, तर संध्याकाळी कळलं की कचेरीतून येताना त्यांनी पाकीट स्वतः पत्ता घालून पोस्टात टाकलंही होतं. त्या रात्रीपासून मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागलो. तीन आठवडे सांगलीहून काही कळलं नाही. माझं लग्न एका शब्दापायी मोडलं, असं मी धरून चाललो होतो. आणि मग पत्र आलं, मुलगा पसंत आहे, बैठकीला या.

मालकांनी माझ्यासाठी थाप मारली असणार, असं मला वाटलं. चौकशीला कुणी आलं होतं का, असं विचारलं तर ते म्हणाले, "आल्तं एक पाव्हणं. टेंपररी हायेत म्हनून सांगितलं." एवढंच. पुढं लग्न झालं, यथावकाश माझी नोकरीही पक्की झाली, पण त्यांच्या तोंडून त्यावर आणखी चकार शब्द निघाला नाही.

बाकीचं मला कळलं ते मालक वारल्यानंतर. ती बातमी सांगायला मी सांगलीला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी सगळं सांगितलं. आपल्याकडे मुलाची चौकशी करायची ती गुपचूप, त्याच्या घरच्यांना पत्ता लागू न देता. म्हणून ते गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन, गॅसचा एक कोरा फॉर्म खिशात घालून माझ्या घरमालकांकडे लिंबाखाली गेले. ऑक्युपेशन विचारल्यावर त्यांनी ऐटीत सांगितलं, सर्व्हिस, गिरणीत फिटर. मालकांनी चष्मा काढला. पाळी कुठली? पहिली. मग बुधवारी सकाळी कराडात कसे? रजा आहे. रजा कवापास्नं?

सासरे म्हणाले, परकं गाव, परका माणूस, काय झालं कोण जाणे, मी खरं बोलून गेलो. गिरणीला आठ महिने टाळं होतं. मुलीच्या बायोडेटावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'वडील: सर्व्हिस' लिहिलं होतं, आणि आता ते दुसऱ्याच्या पोराची नोकरी खरी की खोटी हे बघायला आले होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, बेकार लिहा.

मालकांनी विचारलं, मस्टरावरनं नाव कमी केलंय का? नाही. राजीनामा दिलाय? नाही.

"मग बंद पडलीया ती गिरणी. तुमी न्हाई, पाव्हणं," असं म्हणून त्यांनी मोठ्या अक्षरांत 'सर्व्हिस' टाइप केलं. मग वरच्या भाडेकरूबद्दल विचारल्यावर सांगितलं की जॉब टेंपररी आहे, पण तास बुडवलेला आपण कधी पाहिला नाही.

ऐकताना माझ्या ध्यानात आलं. फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात सासऱ्यांचं नाव होतं, आणि तेच नाव मालकांनी थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या पाकिटावर घातलं होतं. म्हणजे समोर कोण बसलंय हे त्यांना पहिल्या रकान्यापासून ठाऊक होतं. सासऱ्यांची झाकली मूठ त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी कधी उघडली नाही. मी मात्र त्यांच्याशी तीन आठवडे धड बोललो नव्हतो. त्याची माफी मागायची राहून गेली, हे फार लागलं.

"गिरणी काही परत उघडली नाही, जावईबापू," सासरे म्हणाले. "पण त्या माणसानं मला त्या दिवशी परत कामावर घेतलं."