बेटावर घास ठेवायचा नाही

चार मराठी घरं एकत्र फिरायला गेली की फोटो कमी आणि किस्से जास्त घेऊन येतात. आमच्या न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ग्रुपचं तर विचारूच नका. २००६ साली आम्ही भूमध्य समुद्रातलं एक बेट पाहून आलो. राखीव निसर्गउद्यान, रोज मोजकीच माणसं बोटीने सोडतात. तेव्हापासून घरोघरचे डबे आणून पॉटलकला जमलो की दुसरा विषय नाही.

हे बेट मुळात सुलभाकाकूंच्या यजमानांच्या, आमच्या डॉक्टरकाकांच्या मनात भरलेलं. तिकिटं काढायच्या आधीच ते वारले. पुढच्या वर्षी आम्ही काकूंना चला म्हटलं, तर त्या अडून बसल्या. नेमकं बेटावरच्या दिवशीच काकांचं वर्षश्राद्ध येत होतं. "त्यांचा घास चुकला तर मला चैन पडणार नाही रे," काकू म्हणाल्या. नागपूरचा नीलेश म्हणाला, "काकू, कावळा शोधायची जबाबदारी माझी." या भरवशावर त्या निघाल्या.

*

मग तिथीचा घोळ. न्यू जर्सीची धरायची की बेटावरची? गुरुजींना फोन लावला. ते ड्राइव्ह करत होते. म्हणाले, "जिथे जेवाल, तिथली धरा. एक्झिट आली, ठेवतो."

*

बेटावर रेंजरने बजावलं, इथून काही न्यायचं नाही आणि इथे काही टाकायचं नाही. परतताना त्याने सहज पुण्याच्या मंदारच्या लेकीला विचारलं, "खिशात काय आहे?" तिने मूठभर खडे काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बट बाबा, यू सेड इट्स फॉर अवर फिश टँक."

*

तिथल्या पाली फक्त त्याच भागात सापडतात, म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. एक येऊन नीलेशच्या बुटावर बसली. हलवायची सोय नाही. "बघ यार," तो मला म्हणाला, "हिला परमनंट स्टेटस आहे. माझं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग."

*

राहिला घास. बेटावर नीलेशला एकही कावळा दिसला नाही. त्यात रेंजरने सांगितलं, पक्ष्यांना खायला घालायला सक्त मनाई. काकूंचा चेहरा उतरला. नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नाही. डबा मांडीवर उघडून त्या खडकावर बसल्या. डब्यात काकांचे आवडते बेसनाचे लाडू होते. डायबेटिसमुळे काकांना ते घरात बंद होते. काकूंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "या वेळी माफ करा."

तेवढ्यात एक दांडगा सीगल आला, मांडीवरच्या डब्यातला लाडू उचलून उडून गेला. आम्हाला वाईट वाटावं की बरं, ते कळेना.

रेंजर धावतच आला. "मॅडम, पक्ष्यांना द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

काकू डोळे पुसत हसत होत्या. त्याला मराठीतच म्हणाल्या, "मी कुठे दिला? जन्मात कधी विचारून घेतलाय का त्यांनी?"