बिरूमामांच्या टिकल्या

बिरूमामा कामाला बसण्याआधी चहा ओतून घ्यायचे, पण प्यायचे नाहीत. कप संगणकाच्या डाव्या बाजूला ठेवायचा, हेडफोन कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. चहावर साय धरायच्या आत काम झालंच पाहिजे, असा त्यांचा नेम होता. झालं तर दोन घोटांत चहा संपवायचे. नाही झालं तर तो खिडकीखालच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून द्यायचे आणि केलेलं सगळं पुसून टाकायचे. "साय धरली की डोकं बी धरतं पोरी," म्हणायचे. "मग माणूस इचार करत बसतो. इचार करून केलेली टिकली चिकटत न्हाई." त्या कडुनिंबाच्या वाट्याला माझ्या देखत फार तर पाच-सहा कप आले असतील.

टिकली हा त्यांचाच शब्द. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये आठ-दहा सेकंदांचा एक तुकडा वाजतो, त्यात केंद्राचं नाव येतं, आपण कुठलं केंद्र ऐकतोय ते कळतं. शहरातल्या केंद्रांत याला भारदस्त इंग्रजी नावं आहेत आणि ते बनवायला पगारी माणसं. आमचं 'भीमाकाठ' म्हणजे वरवंडच्या जरा बाहेर एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि मी. मी मूळची शिरूरची, नोकरीपायी इथं येऊन राहिलेली, आणि तेव्हा माझा समज असा होता की मला रेडिओतलं सगळं कळतं.

मामा पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. पांढरी टोपी, पायांत कारखान्यातले जाड बूट, आणि बोलणं असं की पलीकडच्या वर्गातली मुलंही ऐकत असावीत. मला वाटलं, स्वभावच मोठ्यानं बोलायचा असेल.

"तुमच्या रेडिओवर मधी मधी एक माणूस गरजतो, त्यो कोण?"

मी सांगितलं की तो इंटरनेटवरून घेतलेला तयार आवाज आहे, मागचं संगीतही तयारच.

"त्यानं वरवंड बघितलंय का कवा?"

"नसेल बघितलं."

"मग त्यो आमाला दम कशापायी देतो?"

मला राग आला. त्या आवाजासाठी मी तीन दिवस घालवले होते. "मग तुम्हीच करून दाखवा, मामा," असं मी तोडून बोलले. ते शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा हाय का?"

त्यांच्या फोनमध्ये साठलेले आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. नावं टाइप करता येत नव्हती म्हणून प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला ते स्वतःच नाव सांगून ठेवायचे. "गुऱ्हाळ, रस उकळतूया, मंगळवार." "दौंडचं इंजन, थकल्यालं." "कुरकुंभ, शिफ्ट सुटली, कुणी बोलत न्हाई." एकामागून एक मी ऐकत गेले आणि खिडकीबाहेरचा महामार्ग कुठल्या कुठे विरघळून गेला. त्यांनी त्यातून शेतातली मोटार सुरू होण्याची घरघर काढायला लावली, मग पाइपातून येणाऱ्या पहिल्या पाण्याची खोकल्यासारखी उबळ, आणि त्यावर त्यांच्या बायकोचा, हौसामामींचा, लांबून आलेला आवाज, "आलं गं." त्यानंतर क्षणभर काही नाही. मग मामा स्वतः, हळूच, "भीमाकाठ." बस्स. चहावर साय धरली नव्हती. माझा गरजणारा माणूस त्याच संध्याकाळी मी संगणकातून काढून टाकला.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. केंद्रानं त्यांना आवाज घ्यायला एक रेकॉर्डर दिला, तरी फोन काही सुटला नाही. माऊस चालवायला चार दिवसांत शिकले, आणि आठवड्याभरात माझ्यापेक्षा झपाट्यानं कापाकापी करू लागले. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. मामांचं लहानपण कळपाच्या मागं चालण्यात गेलं. पुढं शेताला पाणी आलं, कळप विकला, आणि मामा कुरकुंभच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत लागले ते थेट निवृत्त होईपर्यंत. "तीस वरीस एकच आवाज ऐकला," म्हणायचे. "आता बाकीचं ऐकून घेतो."

आवाज गोळा करायची त्यांची रीत बघायला मी एकदा बरोबर गेले होते. पहाटेचं धुकं उसावर उतरलेलं, बांधावर ते फोन मांडीवर ठेवून बसलेले. मी दहा मिनिटांत कंटाळले आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. तासाभरानं उसाची पानं एकमेकांना घासून सळसळली, कुठंतरी वासरू हंबरलं, आणि ते उठले. "आवाजाच्या मागं पळायचं नसतं. त्याच्या वाटंत बसायचं, त्यो येतोच," एवढंच बोलले. मला अजूनही अधूनमधून ते धुकं स्वप्नात दिसतं.

त्याच आवाजांतून सकाळी सहाची टिकली झाली, केंद्र सुरू होतं तेव्हाची. उसाची सळसळ, वासरू, थोडी शांतता, आणि "ऐका... भीमाकाठ." त्या शांततेत एक घुंगरू होतं. वडिलांनी कळप विकला तेव्हा शेवटच्या कोकराच्या गळ्यातलं एक घुंगरू मामांनी काढून घेतलं होतं, ते सुपारीच्या डबीत असायचं. ते त्यांनी माइकसमोर दोनदा हलवलं. इतकं बारीक की लक्ष दिलं नाही तर सुटून जावं. मी म्हटलं, "मामा, जरा मोठं करू का?" तर म्हणाले, "नगं. ज्याला ऐकायचंय त्याला येतंय ऐकू."

असा दीड-दोन वर्षांचा काळ गेला असेल. मग त्यांनी घरी बसून शिफ्टवाल्यांच्या कार्यक्रमासाठी एक टिकली करून आणली, डब्याचं झाकण, बसचं दार, कुणाचीतरी जांभई. झकास होती. फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्यात एक बारीक शिट्टी होती, दातांना झिणझिण्या आणणारी. फोनला चार्जर लावून ठेवूनच त्यांनी आवाज घेतला होता, त्याचीच ती शिट्टी. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते.

त्या क्षणी मला सगळं उमगलं. त्यांचं मोठ्यानं बोलणं, फोन वाजला तरी शेजारी बसून राहणं, "हेडफोन जुना झालाय" ही रोजची कुरकुर. तीस वर्षांच्या कॉम्प्रेसरनं त्यांच्या कानांतलं वरच्या पट्टीतलं, बारीक असं सगळं खाऊन टाकलं होतं. आणि मी काय केलं? काहीच बोलले नाही. "मस्त झालीय मामा," म्हटलं, आणि ते गेल्यावर वरचे बारीक आवाज कापून टाकणारं फिल्टर लावलं. शिट्टी गेली. आणखी कुठं असलीच तर ती पण जावी म्हणून मी त्यांच्या सगळ्या टिकल्यांना एकदमच ते लावून टाकलं आणि मूळच्या एका कोपऱ्यात सरकवल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर समोर बसून ते बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं.

पुढं तीन आठवडे मामा आले नाहीत. आले तेव्हा मी चहा ओतला, तर कपाला हात लावला नाही.

"घुंगरू कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

मी काही बोलायच्या आत तेच सांगू लागले.

"मला त्ये घुंगरू कवाच ऐकू आलं न्हाई. हलवलं तवा बी न्हाई. हाताला कळलं, कानाला न्हाई. पर सकाळी सहाला आमी रेडिओ लावतो. घुंगरू वाजलं की ही बोट वर करती. ह्या येवढं." त्यांनी तर्जनी गुडघ्यावरून जराशी उचलून दाखवली. "मग मला कळतंय, वाजलं. तीन आठवडं झालं, हिचं बोट उठंना. मला वाटलं, माझं गेलं तसं हिचं बी कान गेलं. रात-रात झोप न्हाई मला. दौंडला कानाच्या डाक्टरकडं नेलं तिला. त्यो म्हणला, बाईचं कान पोरीबाळीसारखं हायत."

खोलीत पंखा फिरत होता. मी सगळं सांगितलं. शिट्टी, फिल्टर, सगळ्या टिकल्या, आणि त्या शिट्टीबरोबरच कापलं गेलेलं घुंगरू.

"शिट्टी ऱ्हायली असती तर लोक हसलं असतं, येवढंच ना," मामा म्हणाले. "कारखान्यानं माझं बारीक आवाज नेलं, त्याला मी कुठं दिसत हुतो? तुला तर मी रोज दिसत हुतो." त्यांनी केंद्रानं दिलेला रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले. चहावर जाड साय आली, तशी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. त्यांच्याशिवाय केंद्र चाललं असतं, कागदोपत्री तर नक्कीच. पण मला ते माणूस गमवायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मूळची टिकली शोधून परत जागेवर लावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या घरी गेले. सहाची सुरुवात आपोआप होईल अशी व्यवस्था करून आले होते. मामा अंगणात खाटेवर बसले होते, माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मामी चुलीशी होत्या, मला बघून नुसत्या हसल्या आणि रेडिओ उंबऱ्यावर आणून ठेवून शेजारी टेकल्या. सहा वाजले. पानं सळसळली. वासरू हंबरलं. मग ती शांतता आली, आणि मामींचं बोट उठलं.

मामांनी बराच वेळ त्या बोटाकडं पाहिलं. मी म्हटलं, "चुकलं माझं, मामा." ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. ते खाकरले आणि म्हणाले, "आजपासून बारीक आवाज तू बघायचं, जाड मी. शिट्टी असली तर तोंडावर सांगायचं. आन् इचारल्याबिगर पुसायचं न्हाई काय."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही तसंच काम केलं. ते कापत जायचे आणि मध्येच भुवई उडवायचे, मी मान हलवून "हाय" किंवा "न्हाई" सांगायचे. कान उतरत गेले पण वेग उतरला नाही. शेवटी शेवटी ते तळहात स्पीकरवर ठेवूनच काम करायचे. मी कुणाला काही शिकवायला गेले की आधी ही गोष्ट सांगते. दुसऱ्याचं उणं झाकायला जाताना आपण त्याचं काय पुसतोय ते त्याला विचारावं, एवढंच मी रेडिओवर शिकले, बाकीचं यंत्रं शिकवतात.

मामा थंडीत गेले, दुपारी, त्याच खाटेवर उन्हात बसल्या बसल्या. तेरावा झाल्यावर मी एकदा पहाटे मामींकडं गेले. धुकं होतं. खाट अंगणात तशीच होती, वर त्यांची टोपी. मामींनी रेडिओ उंबऱ्यावर ठेवला आणि नेहमीच्या जागी बसल्या. पानं सळसळली, वासरू हंबरलं, शांतता आली, आणि मामींनी खाटेकडं बघत बोट वर केलं.

मग माझ्याकडं वळून, जरा ओशाळून म्हणाल्या, "त्यांला सांगायला पायजे ना गं. त्यांला ऐकू येत न्हाई."