बिंदूमागचे विवरण

खंडेनवमीचा दिवस. लातूरच्या ज्या शिकवणी संस्थेत मी संस्कृत शिकवीत असे, तिथल्या मॅक संगणकासमोर मला पूजेला बसवले होते. मंत्र म्हटले, यंत्राला कुंकू लावले, नारळ वाढवला. मग संचालकांना विचारले, "साहेब, माझ्या विवरणाची फाइल दिसत नाही. जरा शोधू का?"

"गुरुजी, पूजा झाली ना? उठा आता. तेवढ्यासाठीच बसवलं होतं तुम्हाला."

शेजारी उभा असलेला ऑपरेटर म्हणाला, "म्या बघितलं की सर. न्हाईच त्यात. साफसफाईत उडाली आसंल."

"तुमच्या गावासारखीच गाडली गेली म्हणा," संचालक म्हणाले. "विसरा."

सगळे हसले. माझ्या हातात प्रसादाचे ताट होते. मी ते त्या हसणाऱ्यांपुढे फिरवले. हेही सांगितले पाहिजे.

किल्लारीच्या भूकंपात आमची पाठशाळा दगडमातीच्या भिंतींसह खाली आली. आचार्य त्याखाली गेले. एका स्तोत्राचे त्यांनी केलेले विवरण कधी कागदावर उतरले नव्हते. ते शिष्यांच्या मुखी होते, आणि शिष्यांपैकी मी एकटा उरलो. पुढे लातुरात शिकवण्यांचे पीक आले. संस्कृतात गुण चांगले पडतात, म्हणून मलाही काम मिळाले. वर्ग संपले की त्या यंत्रावर मी आचार्यांचे शब्द आठवून आठवून टंकत असे. वर्षे गेली. प्रत बाहेर नेण्यास परवानगी नव्हती. आता वय असे, की पुन्हा सारे आठवेल याची खात्री नाही.

नांदेडला माझी पुतणी महाविद्यालयात संगणक शिकवते. तिच्याकडे गेलो.

"काका, फाइलीला नाव काय दिलं होतं?"

"स्तोत्रविवरण. आधी बिंदू."

"बिंदू कामून?"

कोणतेही लेखन बिंदू देऊन आरंभावे, ही आमच्या आचार्यांची रीत. नाव देताना यंत्राने इंग्रजीत काही विचारले होते. मी होकार दिला होता.

तिने कपाळाला हात लावला. "अवो काका, टिंबानं सुरू होणारी फाइल ते लपवून ठेवतंय! ही चित्रं, हे रंग, नुसता दर्शनी भाग हाय. खाली युनिक्स नावाची जुनी प्रणाली हाय. टर्मिनल उघडून तिथं विचारा, सगळं दाखवतंय."

मी ती फाइल नेहमी अलीकडच्या फाइलींच्या यादीतून उघडत आलो होतो. ऑपरेटरने यादी पुसली आणि माझी वाट बंद झाली.

तिच्या यंत्रावर टर्मिनल पाहिले. एक साधी खिडकी. चित्र नाही. आदेश केवळ अक्षरांचे, सूत्रासारखे आखूड. पाठशाळेत करीत असू तसेच ते मी गोदावरीच्या घाटावर बसून पाठ केले, सरळ आणि उलट क्रमाने. थकलेल्या जिवाला आणखी एक पाठ. केला.

लातूरला परतलो आणि भर वर्गांच्या वेळी यंत्रासमोर जाऊन बसलो.

"ओ गुरुजी, उठा की," ऑपरेटर म्हणाला.

"उठणार नाही."

त्या स्वरात मी कधी कोणाशी बोललो नव्हतो. टर्मिनल उघडले. फाइलींच्या कप्प्यात शिरलो. पाठ केलेला आदेश टंकला: एल, एस, थोडी जागा, आडवी रेघ, ए. नावे खाली उतरत गेली. त्यांत बिंदू. बिंदूमागे आचार्य.

संचालक पाठीशी येऊन उभे होते. "वा गुरुजी! सापडलं की. पुस्तक काढू ह्याचं, संस्थेच्या नावानं. पहिल्या पानावर आभार मानू तुमचे."

पूजेच्या दिवशी त्यांच्या हसण्याने मी केवळ खचलो होतो. या उदारपणाने जागा झालो. पुतणीने दिलेल्या पेनड्राइव्हवर प्रत घेतली, उघडून वाचली. मग त्याच खिडकीतून मूळ फाइल पुसली. तिथून पुसलेले कचरापेटीतही जात नाही.

"हे काय केलं तुम्ही?"

"आचार्यांना घेऊन चाललो."

काम गेले. या वयात दुसरे कोण देणार, ठाऊक नाही. देवापुढे रोज बसतो. नम्रता मागत नाही, ती फार झाली. विवरण ज्याला हवे त्याला समोर बसवून देईन, जात न विचारता, फी न घेता. त्यावर आपले नाव चिकटवू पाहणाऱ्याला एक अक्षर देणार नाही. ज्यांना शिकवीन, त्यांच्याकडूनही आधी हेच वदवून घेईन.