तीन पायांचं टेबल

तरसालीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून शिकून गेली. म्हणजे ती शिकत बसायची तेव्हा मी त्यांच्यामागं झाडू मारायचो आणि "पाय वर घ्या रे" म्हणायचो, तेवढंच.

माझे पणजोबा म्हणे संस्थानच्या सरकारांच्या फौजेत होते. त्यांच्या हातात भाला होता, माझ्या हातात झाडू. दांडा तेवढा घराण्यात टिकला. शाळेत मी पहिलीपर्यंत गेलो. परीक्षेच्या दिवशी पाटी कोरी ठेवून जो पळालो तो पाणीगेटच्या घरी येऊन गादीखाली लपलो. परत गेलो नाही. अक्षरं पुढं फार उशिरा आली, तीही पाहुण्यासारखी. अर्धी राहिली, अर्धी निघून गेली.

तर ही पोरं शिकायची ती आमची संस्था. दोन खोल्या, पुढं ओटा आणि ओट्यावर वाकलेला एक कडुनिंब. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची पोरं सकाळी म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायची आणि दुपारी आमच्याकडं. बरीचशी खानदेशातून इकडं गुजरातेत आलेली. मोठ्या बाई शिकवायच्या. गावातल्या मराठी शाळेतून रिटायर झालेल्या, मोपेडवरून यायच्या, पदर हँडलला अडकू नये म्हणून कमरेला करकचून खोचलेला. गुरुवारी डॉक्टरबेन यायच्या, खोकलेबिकले बघायला. गुजराती होत्या, पण आमच्यात बसून बसून मराठी बोलायच्या. आणि मी. झाडणं, पाणी भरणं, खिचडी ढवळणं, आणि पोर रडलं की तोंड वेडंवाकडं करून त्याला हसवणं. शेवटचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, पण तेवढंच बरं जमायचं.

त्या दुपारी आता आठवल्या की वाटतं, मी नोकरी केलीच नाही, नुसता पोहत होतो. आत पोरं पाढे म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. तो आवाज वरखाली व्हायचा, विहिरीत कुणी हळूहळू घागर बुडवावी तसा. तेव्हा पलीकडं अजून शेतं होती. कपाशी फुटली की तिचे पुंजके वाऱ्यावर येऊन ओट्यावर लोळायचे, मी ते झाडायचो, ते परत यायचे. गावात तिकडं केबल आली, फोनचे पिवळे खोके आले, सगळे कुठंतरी घाईनं निघालेले. आमच्या कडुनिंबाला त्यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. मी झाडूला टेकून उभा राहायचो आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागायचा.

माझ्याशेजारी, दाराच्या उंबऱ्याजवळ, एक पोरगी बसायची. सात वर्षांची असेल. फळ्याकडं बघायचीच नाही. बाहेर बघायची, डोळे बारीक करून. मला वाटायचं, ही आपल्याच पंथातली. हिलाही झोप येते.

"काय बघतेस गं?"

"झाड."

"कसं आहे?"

"धुरासारखं. खालून चूल पेटवल्यावर येतो ना, तसं."

मी कडुनिंबाकडं बघायचो. मला पानं दिसायची, काड्या दिसायच्या, साळुंकीची शिट दिसायची. ही बघते ते आपल्याला का दिसत नाही म्हणून मी पण डोळे बारीक करायचो, आणि थोड्या वेळानं खरंच, झाड हलकं व्हायचं, निळसर व्हायचं, वर वर जायला लागायचं. माणसं लांबून आली की ती म्हणायची, "मेणबत्ती चालत आली." दिवाळीचे दिवे तिला फुलं वाटायचे, एवढी एवढी झेंडूची. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, काय पोरगी आहे, काय बोलते! बायको म्हणायची, "तुम्ही लसूण सोला."

पोरगी अशी बोलते याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. उलट मी तिला भरीला घालत होतो, आणखी सांग, आणखी सांग.

एका गुरुवारी तिची आई आली. धाकटा कडेवर. बाईंना म्हणाली, शाळेतले मास्तर म्हणतात हिच्या डोक्यात काही शिरत नाही, फळ्यावरचं एक अक्षर उतरवत नाही. मला बंगल्यावर काम मिळतंय, आता हिला घरीच ठेवते, धाकट्याला सांभाळेल. बाईंनी पुष्कळ सांगितलं. शेवटी ठरलं ते असं, की आज सगळ्या पोरांचे डोळे तपासायचेच आहेत, हिचेही तपासू. डोळ्यांत खोट निघाली तर इलाज करायचा आणि शाळा चालू. डोळे चांगले निघाले तर मग डोकंच तसलं म्हणायचं, आणि शाळा बंद.

हे सगळं बोलणं माझ्यापासून चार हातांवर झालं. मी कडुनिंबाखाली आडवा होतो, अंगावर कवडसे हलत होते आणि स्वप्नात मी सूरसागर तळ्यात नाव वल्हवत होतो.

मला उठवलं ते डॉक्टरबेननी. "काका, चालो, तक्ता लावा."

तक्ता म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकच खूण. उभी काठी आणि तिला तीन आडव्या काड्या. पोरांना सांगायचं, हे तीन पायांचं टेबल आहे, पाय जिकडं असतील तिकडं तीन बोटं दाखवा. वर मोठं टेबल, खाली खाली बारीक होत जातं, पाय कधी वर, कधी खाली, कधी डावीउजवीकडं. बाईंनी मोजून दिलेल्या दोरीच्या एका टोकाला, कडुनिंबाच्या खोडावर, तक्ता, दुसऱ्या टोकाला स्टूल. स्टुलावर पोर, एका डोळ्यावर हात. शेजारी डॉक्टरबेन, मान वहीत. तक्त्यापाशी मी, हातात छडी. मी खूण दाखवायची, पोरानं बोटं करायची.

पहिलं पोर बसलं, तोंड भेदरलेलं. परीक्षा! गादीखालचा तो वास मला परत आला. म्हटलं, माझ्यासमोर एकही पोर नापास होणार नाही. टेबलाचे पाय उजवीकडं, की मी उजवीकडं कललो. पाय वर, की मी टाचा उचलून आभाळाकडं बघितलं. खाली असले की गुडघ्यात वाकलो. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, एवढा मोठा देह, आंधळ्यालाही कळावं असा मी तक्त्याशेजारी हेलकावे खात होतो. पोरं खूष. मी तर काय, गरब्यात असल्यासारखा.

ती पोरगी बसली. दोन्ही डोळे, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत, एक चूक नाही.

डॉक्टरबेन म्हणाल्या, "एकदम सरस!" आणि मी छडीनं सलाम ठोकला.

तिच्या आईनं धाकट्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग झालं बाई. डोळे चांगलेच आहेत."  पोरीचा हात धरून ती निघाली. मला काही कळेना. मी दोरी गुंडाळत बाईंना म्हटलं, "पास झाली ना? मग तोंड का पाडलंत?" बाईंनी सांगितलं तेव्हा दोरी माझ्या हातात तशीच राहिली.

तेवढ्यात पोरगी पळत परत आली. पाटी विसरली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"काय गं, टेबल दिसलं का तुला?"

"कुठलं टेबल?"

"त्या पांढऱ्यावरचं. काळं."

"नाही. तिथं दुधासारखं होतं."

"मग बोटं कशी केलीस?"

"तुम्ही वाकलात तिकडं केली." आणि मला समजवायला हवं असं वाटून म्हणाली, "तुम्ही खूप मोठे आहात ना, म्हणून दिसता."

पाटी घेऊन ती गेली. कडुनिंबापासून बाईंच्या टेबलापर्यंत दहा पावलं असतील. मी ती कशी चाललो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कापसाचा एक पुंजका माझ्यापुढं पुढं लोळत चालला होता आणि मला वाटत होतं, हा जाऊन सांगेल तर बरं. नोकरी जाणार हे दिसत होतं. घरी लसूण सोलायचं काम तेवढं पक्कं होतं.

मी आधी गंमत करून सांगायला गेलो. उजवीकडं कललो, टाचा उचलल्या. डॉक्टरबेन हसल्या, आणि मग त्यांना उमगलं.

"बधाने?" त्या म्हणाल्या. "काका, सगळ्यांना तुम्ही असं केलं?"

"हो बेन. एकालाही सोडलं नाही."

बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं आता हाकलतात. त्या म्हणाल्या, "तोंड काय बघताय? पळा! आणा तिला!"

मी पळालो. वस्तीच्या नळापाशी ती मायलेकरं गाठली.

"वहिनी, थांबा! चला परत."

"आता काय? पास झाली ना ती?"

"ती कुठली? मी पास झालो! तिनं माझं बघून केलं."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी वेडा आहे का दारू प्यालोय ते तिला ठरवता येईना. "खरंच नाही दिसत हिला? मग मी रोज हिला मारते ते..." तिनं धाकट्याला माझ्या हातात दिलं आणि पोरीला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला.

परत आलो तर बाईंनी मला भिंतीकडं तोंड करून बसवलं, पोरांना बसवतात तसं. माझ्या मांडीवर धाकटा. छडी बाईंनी स्वतः धरली.  भिंतीला एक पोपडा होता, मी त्याच्याकडं बघत होतो, तो नदीसारखा दिसायला लागला. मग डॉक्टरबेनचा आवाज आला, अगदी हळू, "सगळ्यात वरचं पण नाही." बाकीच्या पोरांतही आणखी काही सापडली. मी सगळ्यांना पास केलं होतं.

पुढं डोळ्यांच्या दवाखान्यात तिची आई आणि मी घेऊन गेलो. थेंब घातले, बाकावर बसवलं. पोरगी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली, तिच्या नाकाची शिट्टी वाजत होती. मोठे डॉक्टर म्हणाले, एक डोळा आळशी झालाय, आणखी दोनेक वर्षं गेली असती तर तो कामातनं गेला असता. आता चष्मा लावा, चांगला डोळा रोज थोडा वेळ झाका, आळश्याला कामाला लावा. ते बोलत होते डोळ्याबद्दल, मान मी खाली घातली.

चष्मा मांडवीच्या बाजारातल्या दुकानात मिळाला. बाई, तिची आई, मी, सगळे गेलो. तपकिरी काड्यांचा, नाकावरनं घसरणारा. घालून ती दुकानाच्या पायरीवर आली आणि तिथंच थांबली. लोक तिला वळसा घालून जात होते. तिनं वर विजेच्या खांबाकडं बघितलं. "तारा," ती म्हणाली. मग, "पारव्याला पाय आहेत. लाल." समोरच्या साड्या, पाट्या, सायकलच्या चाकाच्या काड्या, एकेक करून ती बोटानं मोजल्यासारखी दाखवत होती, आणि सगळी मांडवी मला वाटलं तिच्यासाठी सावकाश चालायला लागलीय, भोंगे लांब गेलेत, उजेड मधासारखा खाली उतरतोय. आईनं तिला आपल्याकडं वळवलं. पोरीनं आईच्या कपाळावरचं गोंदण हात लावून बघितलं. 

मला वाटलं, आता आपली पाळी. मी पुढं झालो, ऐटीत उभा राहिलो, एक उडी मारली आणि माझं ठेवणीतलं वेडंवाकडं तोंड केलं.

तिनं चष्मा बोटानं वर ढकलला आणि मला केसांपासून चपलेपर्यंत नीट बघितलं.

"काका, तुम्ही तर म्हातारे आहात. मग असं कशाला करता?"